आमचा सडा 'खराबा' नाही

"ताई, सगळ्यांच्या सह्या झाल्यात. फक्त तुमची राहिलीये."

गेल्या सात महिन्यांत हे वाक्य मी फोनवर निदान वीस वेळा ऐकलंय. बोलणारा माणूस सभ्य आहे. दर वेळी आधी आईच्या तब्येतीची चौकशी करतो, मग विषयाला हात घालतो. जमिनीचे व्यवहार जुळवणं हा त्याचा धंदा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या डोक्यावर जो सडा आहे, त्यातले साडेअकरा एकर आमच्या घराण्याचे, सामाईक. बाबा गेले, वारसनोंद झाली आणि आईबरोबर माझंही नाव सातबाऱ्यावर चढलं. तेव्हापासून मी या व्यवहारातली 'राहिलेली सही' आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी: अंगणात घालतात तो सडा वेगळा. कोकणात सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं, सपाट पठार. एप्रिलमध्ये बघाल तर काळाकुट्ट कातळ, पाय ठेवला तर चटका. झाड जवळजवळ नाहीच. दोन दिवसांसाठी समुद्रावर आलेला माणूस गाडीच्या खिडकीतून सडा बघतो आणि म्हणतो, "किती जागा फुकट पडलीये!"

सरकारही तेच म्हणतं, फक्त अधिकृत भाषेत. आमच्या सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र पंचेचाळीस आर आहे आणि पोटखराबा चार हेक्टर वीस आर. म्हणजे दहा एकरांहून जास्त जमीन 'खराब'. एजंट मला हा आकडा वाचून दाखवतो. "ताई, कागदावरच लिहिलंय, खराबा आहे. त्याचे एवढे पैसे कोण देणार?" रक्कम सांगायची तर माझ्या वाट्याला येणारे पैसे माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढे आहेत.

मी सही केलेली नाही. का केली नाही हे सांगते. आणि 'सही करू नका' एवढंच सांगून गप्प बसणाऱ्यांवरही माझा राग आहे, तोही सांगते.

'खराब' कोणासाठी?

आधी हा शब्द घेऊ. इंग्रजांच्या महसुली मोजणीपुढे एक साधा प्रश्न होता: या जमिनीतून सारा किती निघेल? ज्या तुकड्यात नांगर चालत नाही, त्यावर आकारणी नाही. तो पोटखराबा. त्या काळच्या सरकारच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, कारण त्यांना फक्त वसुली करायची होती. इंग्रज गेले, सातबारा मोबाइलवर आला, पण प्रश्न तोच राहिला. जमीन काय *करते* हे आपण आजही विचारत नाही. तिच्यातून काय काढता येतं एवढंच विचारतो.

देशपातळीवरही हेच. केंद्र सरकार 'वेस्टलँड अ‍ॅटलास' काढतं, म्हणजे पडीक जमिनींचा नकाशा. २०१९ च्या आवृत्तीत देशातली सुमारे साडेपाच कोटी हेक्टर जमीन, म्हणजे जवळपास १७ टक्के भूभाग, पडीक ठरवलाय. त्यात खडकाळ उघडी जमीन आहे, झुडपी माळरानं आहेत. एकदा नकाशावर 'पडीक' रंग लागला की पुढचं सोपं असतं. कारखाना आणा, सौर प्रकल्प आणा, प्लॉट पाडा. पर्यावरणप्रेमी असाल तर खड्डे खणा आणि झाडं लावा. २०१९ मध्ये महाराष्ट्रात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम होती. मोकळं माळरान किंवा कातळ दिसला की तिथे झाड लावणं म्हणजे पुण्य, असं आपल्याला शाळेपासून शिकवलंय. उघडी जमीन ही स्वतःच एक परिसंस्था असू शकते, हे कोणीच शिकवत नाही.

आता आमचा 'खराबा' काय करतो ते बघा.

जूनमध्ये पाऊस लागला की त्याच काळ्या कातळावर पंधरा दिवसांत हिरवी साय येते. खळग्यांत पाणी साचतं, बेडूक ओरडायला लागतात. दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही दीपकाडी फक्त कोकणच्या पट्ट्यातली आहे. श्रावण-भाद्रपदात निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, चिकट थेंबांनी किडे पकडणारी दवबिंदू. दिवाळीनंतर गवत कापणीला येतं. माझ्या आजीच्या काळात त्या गवतावर गोठा शाकारायचे आणि गुरांची उन्हाळ्याची बेगमीही तेच.

आणि पाणी. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेला पाऊस त्याच्या भेगांतून सावकाश खाली उतरतो, खालच्या चिकट मातीच्या थरावर अडतो आणि उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. आमच्या वाडीची विहीर या पाण्यावर आहे. सडा म्हणजे वाडीची टाकी आहे, फक्त तिच्यावर कुठल्या योजनेचा बोर्ड नाही.

हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस अशा लांबलचक नावाची एक छोटी पाल आहे. १९६३ साली शास्त्रज्ञांनी तिची पहिली नोंद केली ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून. कोकणच्या सड्यांबाहेर ती जगात कुठे सापडत नाही. दिवसा ती सड्यावरच्या सुट्या दगडांखाली बसते. तेच दगड गोळा करून आपण गडगा घालतो, म्हणजे तिचं घर उचलून आपलं कुंपण करतो.

आणि याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी चित्रं खोदून ठेवलीत. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की जमिनीवर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही. २०२२ मध्ये कोकणातल्या नऊ कातळशिल्प स्थळांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी सात रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, एक सिंधुदुर्गात आणि एक गोव्यात. त्या सातांत बारसू आहे. आणि त्याच बारसूच्या परिसरात तेल शुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावातल्या बायका रणरणत्या उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. एका खात्याच्या कागदावर जागतिक वारसा, दुसऱ्या खात्याच्या कागदावर मोकळी जागा. दोन्ही कागद एकाच सरकारचे.

दादाचं म्हणणं

आता दुसरी बाजू. ही बाजू मांडल्याशिवाय सड्यावरच्या फुलांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

माझा चुलतभाऊ, दादा, गावात राहतो. तीस-बत्तीस कलमं आहेत. गेली काही वर्षं कधी अवकाळी पाऊस मोहोर झाडून नेतो, कधी थ्रिप्स. औषध फवारणीचा खर्च दर वर्षी वाढतो. त्याच्या मुलीला नर्सिंगला घालायचंय. गणपतीत घरी गेले तेव्हा पडवीत बसून तो म्हणाला, "तुझं बरं आहे. तू पुण्यात बसून सडा वाचव. आम्ही इकडे काय वाचवायचं? सडा आम्हाला खायला घालतोय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय मला एक गोष्ट माहीत होती, जी तो बोलला नाही. माझ्या बाबांनीही सड्याच्या कडेचा तुकडा फोडलाय. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. सरकार अनुदान देत होतं, सगळं कोकण आंबा लावत होतं. बाबांनी सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले, खालून माती आणून भरली आणि कलमं लावली. त्या हापूसवर माझं इंजिनिअरिंग झालं. म्हणजे सडा फोडून शिकलेली मुलगी आता दादाला सांगतेय की तू फोडू नकोस.

म्हणून मला ते लोक खटकतात जे ऑगस्टमध्ये मॅक्रो लेन्स घेऊन येतात, गुडघ्यावर बसून दवबिंदूचे फोटो काढतात, इन्स्टावर 'सेव्ह कोकण' टाकतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या प्रेमाचं बिल दादा भरतोय. जो सडा तसाच ठेवतो त्याला वर्षाला शून्य रुपये मिळतात. जो फोडतो, त्याला चिऱ्याचे पैसे, आंब्याचे पैसे, प्लॉटचे पैसे. एवढी सरळ व्यवस्था उभी करून वर गावातल्या माणसाला 'निसर्गाचं भान ठेवा' म्हणणं हा निव्वळ शहाजोगपणा आहे. कोणाच्या तरी गरिबीवर उभं राहिलेलं संवर्धन टिकत नाही. टिकू नयेच.

मग विकास होऊ दे की!

इथे दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतात. "बघा, तुम्हीच म्हणताय लोकांना पैसा हवा. मग प्रकल्प येऊ द्या, प्लॉट पडू द्या, रोजगार होऊ दे."

थांबा. आधी हिशेब पुरा करू.

आमच्या शेजारचा सडा चार वर्षांपूर्वी विकला गेला. जेसीबी आले, सुरुंग लागले, सपाटीकरण झालं. आता तिथे तारेचं कुंपण आहे आणि 'सी व्ह्यू प्लॉट'चा फलक. तिथे आज गावातल्या एका माणसाला राखणदाराची नोकरी आहे. त्या बाजूच्या खालच्या वाडीची विहीर पूर्वी मे अखेरपर्यंत पुरायची. आता मार्चमध्ये तळ दिसतो आणि टँकर येतो.

एका विहिरीवरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, हे मला कळतं. पाऊस बदललाय, बोअरवेल वाढल्यात, कारणं अनेक असतील. पण मग ते तपासायची जबाबदारी कोणाची? सुरुंग लावायच्या आधी कोणी खालचे झरे मोजले होते का? नाही. कारण कागदावर ती जमीन खराबा होती आणि खराब्यातून काही जाऊच शकत नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आणि गंमत बघा. झरा फुकट वाहत होता तोवर अर्थव्यवस्थेत त्याची किंमत शून्य. झरा आटला, टँकर आला, टँकरचं बिल निघालं, डिझेल जळलं. ती सगळी उलाढाल वाढीत धरली जाते. जिथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या कोकणात उन्हाळ्यात टँकर फिरतात, आणि आपल्या हिशेबाच्या पद्धतीत ते नुकसान म्हणून कुठेच दिसत नाही.

मी विकासाच्या विरोधात नाही. नर्सिंग कॉलेज, चांगला रस्ता, कॅनिंगचा कारखाना हे सगळं मला माझ्या गावाजवळ हवंय. माझा विरोध आहे तो शून्य किंमत लावून केलेल्या खरेदीला. घरातलं सोनं पितळेच्या भावात विकून दिवाळी साजरी केली, तर त्याला कोणी उत्पन्न म्हणणार नाही. सड्याच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो आणि त्याला वाढ म्हणतो.

मधला रस्ता आहे, पण तो सोपा नाही

'पर्यटन करा' हे यावरचं सगळ्यांचं आवडतं उत्तर. काही ठिकाणी ते खरंच चाललंय. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जिथे अंडी चोरली जायची तिथे आज लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावातल्या घरांत राहतात, मोदक खातात, पैसे देतात. कास पठाराचं व्यवस्थापन आसपासच्या गावांची समिती करते, प्रवेश शुल्क घेते, रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालते.

पण कासनेच एक धडाही दिला. फुलं वाचवायला म्हणून पठाराला कुंपण घातलं, गुरांची चराई थांबली, आणि काही वर्षांनी अभ्यासक व गावकरी सांगायला लागले की गवत माजतंय, फुलं कमी होतायत. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. माणूस आणि त्याची गुरं ही त्या पठाराच्या जगण्याचाच भाग होती. 'निसर्ग वाचवा, माणसं हटवा' हे सूत्र शास्त्राच्या कसोटीवरही नापास होतं.

आणि कासव गोंडस असतं, फुलांचे गालिचे फोटोत छान येतात. पालीचा महोत्सव कोण भरवणार? जमिनीखालून झिरपणाऱ्या पाण्याचं तिकीट कसं काढणार? ज्याची रील होत नाही तेही वाचलं पाहिजे, आणि त्याचे पैसे सगळ्यांच्या तिजोरीतून आले पाहिजेत.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यात कलम ३७ आहे. त्याखाली राज्य सरकार एखादी जागा 'जैवविविधता वारसा स्थळ' जाहीर करू शकतं. त्याच कलमात पुढे लिहिलंय की अशा घोषणेमुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होईल त्यांना भरपाई देण्याची किंवा त्यांचं पुनर्वसन करण्याची योजना सरकारने आखावी. वारसा स्थळाची पाटी लावताना फोटो निघतो. भरपाईच्या वाक्याचा फोटो निघत नाही, म्हणून ते कोणाला आठवत नाही.

तसंच, २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानं स्थापन झाली, खाणींची झळ बसणाऱ्या भागांसाठी. जांभ्याचा चिरा हे गौण खनिज आहे, त्यावर सरकार स्वामित्वधन घेतं. म्हणजे सडा फोडल्याबद्दल पैसे घ्यायची यंत्रणा तयार आहे. सडा राखल्याबद्दल द्यायची नाही.

म्हणून माझ्या मागण्या अगदी कारकुनी आहेत. एक, सातबाऱ्यावर सड्याची स्वतंत्र नोंद करा, 'पोटखराबा'त कोंबू नका. दोन, सड्यावर सुरुंग लावायची किंवा सपाटीकरणाची परवानगी देण्याआधी त्याखालच्या झऱ्यांचा आणि विहिरींचा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा आणि तिची संमती घ्या. तीन, जो खातेदार आपला सडा शाबूत ठेवील त्याला दर वर्षी एकरी ठरावीक रक्कम द्या. तिला अनुदान म्हणू नका. पाणी राखण्याची ती मजुरी आहे. चार, उद्योगांना जागा द्यायची तर आधी सपाट केलेल्या, आधीच संपादित केलेल्या जागांवर द्या. त्या भरल्यावर पुढचं बोलू.

यात क्रांतिकारक काही नाही. पण एवढं झालं तर दादाच्या पडवीतल्या प्रश्नाला उत्तर मिळेल. सडा खायला घालेल.

सही

आज तरी उत्तर नाहीये. दादा माझ्याशी तुटक बोलतो. पुतणीच्या पहिल्या वर्षाच्या फीतला अर्धा वाटा मी उचललाय. त्याने तो घेतला, पण मला आवडलं नाही आणि त्यालाही. त्यात भावाबहिणीतला मोकळेपणा नव्हता. सौद्यातल्या इसाऱ्यासारखं वाटलं ते. दुसऱ्या वर्षाचं काय, तिसऱ्याचं काय, मलाही माहीत नाही. माझी नोकरी गेली तर? आईच्या ऑपरेशनला पैसे लागले तर? तेव्हाही मी सही अडवून धरीन, असं छातीठोक सांगता येत नाही.

साडेअकरा एकर सडा, त्याच्या भेगांतलं पाणी, त्या पाण्यावरची वाडी आणि दगडाखालची ती पाल, हे सगळं पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका बाईच्या हट्टावर टांगलेलं आहे. याला व्यवस्था म्हणत नाहीत. आणि कोकणात असे किती सडे किती राहिलेल्या सह्यांवर उभे असतील, याचा विचार केला की झोप उडते.

तुमच्यापैकी अनेकांचं गाव आहे, गावात जमीन आहे, आणि आजोबा-बाबांच्या पाठी तुमचं नाव तिच्यावर लागलंय किंवा लागणार आहे. फोन हातात आहेच. महाभूलेख उघडा, आपला सातबारा काढा आणि पोटखराब्याचा आकडा बघा. मग गावी फोन लावा आणि विचारा की त्या खराब्यावर पाऊस पडला की ते पाणी कोणाच्या विहिरीत जातं.

एजंटचा फोन तुम्हालाही येणार आहे. तो यायच्या आधी विचारा.